जोधपूरच्या दुकानात कुणीतरी 'आती हूँ' म्हणून गेलं

सुरुवातीलाच सांगून टाकते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे. या सदरातले अनुभव मी मेट्रोत वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसते. 'अंगावर सर्रकन काटा आला' दिसलं की मी पान उलटते. केंद्र सरकारच्या नोकरीत पुरावा जोडला नसेल तर फाइल परत पाठवायची, ही माझी सवय. सेक्शनमध्ये मला खडूस म्हणतात, तेही माहीत आहे. तर अशा खडूस बाईच्या डोळ्यांदेखत हे घडलं... पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

आमचा जन्म दिल्लीतच गेला. बाबा सरकारी नोकरीत, मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली. पुढे मलाही सरकारी नोकरी लागली आणि लक्ष्मीबाई नगरच्या माझ्या क्वार्टरमध्ये आई-बाबा माझ्याबरोबर राहायला आले. एवढी वर्षं दिल्लीत काढूनही आईचं हिंदी म्हणजे... देवा रे! मनात मराठी वाक्य तयार करायची आणि त्यालाच हिंदी कपडे घालायची. बाबा म्हणजे 'आमचे हे', म्हणून हिंदीत 'हमारे ये'. आणि आपण घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही ना, 'येते' म्हणतो. तर ही भाजी घेऊन निघाली की भाजीवाल्यालाही 'अच्छा भैया, आती हूँ' म्हणायची. तो बिचारा कोथिंबिरीची जुडी बाजूला काढून वाट बघत बसायचा! 'माताजी बोलीं आती हूँ, आईं ही नहीं,' अशी तक्रार त्याने माझ्याकडे कितीदा केली असेल. मी आईला समजावायचे, 'अगं, त्यांच्यात जाती हूँ म्हणतात.' ती म्हणायची, 'म्हणेनात का. मी नाही म्हणणार. जाते काय, जाते? तोंडाला कुलूप लागो माझ्या.'

घरात तर तिचं वाक्य ठरलेलं. कचरा टाकायला खाली जायचं असलं तरी दारातून ओरडायची, 'येते हं! दुधावर झाकण ठेवलंय.' आणि बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, 'ये. सावकाश ये.'

गेल्या दिवाळीनंतर आई गेली. हॉस्पिटलात बाबा खाली औषधं आणायला गेले होते, तेवढ्यात तिला घाईघाईने आत नेलं. ती परत आलीच नाही. बाबा वर आले आणि मला त्यांनी एकच विचारलं, 'काही म्हणाली का?' मी म्हटलं, 'बाबा, तोंडावर मास्क होता.' 'येते म्हणाली नाही?' मी नाही म्हणून मान हलवली. झालं. त्या दिवसापासून बाबा तिथेच अडकले. ती गेली याचं दुःख होतंच, पण 'न सांगता गेली' हे त्यांना गिळता येईना. जेवण सुटलं. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. दाराला कडी लावू देईनात, दार नुसतं लोटलेलं. अहो, दिल्लीत दार उघडं ठेवतं का कोणी? मी चिडायचे, ओरडायचे, मग बाथरूममध्ये जाऊन रडायचे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर यांना ॲडमिट करावं लागेल. आई गेली तिथेच आता बाबांना न्यायचं?

जोधपूर आईच्या मनात फार होतं. किल्ला बघायचा, निळी घरं बघायची आणि बाजारातून बांधणीची साडी घ्यायची. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी निघायचं – माझी परीक्षा, बाबांची नामंजूर रजा, गावाकडचे पाहुणे. फेब्रुवारीत मीच तिकिटं काढली. म्हटलं, हवापालट होईल, दोन घास जास्त खातील. आईने विणलेली मरून कानटोपी घालून बाबा गाडीत बसले.

रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचलो. मेहरानगड बघितला. किल्ला म्हणजे काय सांगू... खालून मान वर करून बघितलं तर मानच दुखायला लागते! वरून सगळं शहर निळं दिसतं. महालांतले झरोके, आरसे, पालख्या... मी एकटीच बडबडत होते. बाबा प्रत्येक दालनाच्या दाराशी थोडे थांबायचे, मागून कुणी यायचं असेल आणि त्याच्यासाठी वाट मोकळी ठेवायची असेल तसे. मला ते बघवेना.

दुपारी खाली घंटाघराजवळच्या बाजारात उतरलो. मसाले, बांगड्या, मोजड्या, गर्दी, स्कूटरवाल्यांचे हॉर्न. बाबा थकले होते, ऊन असूनही कानटोपी काढायला तयार नव्हते. कुठे बसवावं म्हणून मी बघत होते, तेवढ्यात एका साड्यांच्या दुकानातून आवाज आला, 'आइए साहब, इधर बैठिए. माताजी बोल के गई हैं.'

दुकानदार पन्नाशीचा, मिशीवाला. मी मनात म्हटलं, वा! गिऱ्हाईक पटवायची ही नवीन युक्ती. माझा पारा चढलाच. 'भैया, हमारे साथ कोई माताजी नहीं हैं.'

'हैं कैसे नहीं?' तो हसत म्हणाला. 'अभी तो थीं. बोलीं, हमारे ये पीछे से आएँगे, कानटोपी वाले. थक गए होंगे, बिठा लेना.'

हमारे ये. कानटोपी. या माणसाच्या तोंडी कानटोपी हा शब्द कुठून येणार, तिकडे मंकी कॅप म्हणतात! बाबा तर केव्हाच गादीवर जाऊन बसले होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी कुणाकडे तरी सरळ बघितलं.

'और क्या बोलीं?' त्यांनी विचारलं.

'ये साड़ी निकलवाई,' त्याने एक जांभळी बांधणी पुढे सरकवली. 'देर तक हाथ फेरती रहीं. फिर बोलीं, अच्छा भैया, आती हूँ. तो मैंने अलग रख दी.' मग जरा डोकं खाजवून म्हणाला, 'हाँ, एक बात समझ में नहीं आई. जाते-जाते बोलीं, दूध पे ढक्कन रखा है. किसका दूध, साहब?'

बाबांनी डोळे मिटले. मी त्यांचा हात धरला. मी दुकानदाराला उलटसुलट विचारलं... दिसायला कशा होत्या? साडी कुठली होती? तो गोंधळला. बुटक्या, चष्मेवाल्या, बस. 'सच बोलूँ तो ठीक से देखा नहीं मैडम, मैं साड़ियाँ समेट रहा था. आवाज़ मीठी थी.' मी बाहेर पळाले. शेजारच्या बांगडीवाल्याला विचारलं, समोरच्या मसालेवाल्याला विचारलं. कुणीच काही बघितलं नव्हतं. गर्दीत प्रत्येक बुटक्या बाईच्या तोंडाकडे मी वेड्यासारखी बघत होते.

परत आले तर दुकानदाराने चहा मागवला होता. तो बाबांना समजावत होता, 'बैठिए, बैठिए, अब आती ही होंगी. बोल के गई हैं.'

म्हटलं, झालं आता! बाबा या गादीवरून हलायचे नाहीत. घरी दाराकडे डोळे लावून बसत होते, आता इथे बसतील.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, 'नहीं भैया. वो नहीं आएँगी. हम लोगों में ना... जाते समय जाती हूँ नहीं बोलते. आती हूँ बोलते हैं.'

दुकानदार बघतच राहिला. 'अच्छा? तो मतलब वो... गईं?'

'हाँ,' बाबा म्हणाले. 'बोल के गईं.'

मग त्यांनी कानटोपी काढली, बाजाराच्या त्या गर्दीकडे तोंड केलं आणि पेपर वाचताना म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, 'ये. सावकाश ये.'

मी तिथेच, साड्यांच्या ढिगाला टेकून, लहान मुलीसारखी रडले. आई गेल्यावर बाबांना सांभाळण्याच्या नादात मी धड रडलेच नव्हते, ते त्या दिवशी कळलं. बाबा माझ्या पाठीवर हात फिरवत होते. मग म्हणाले, 'मनू, इथे कचोरी चांगली मिळते म्हणतात ना गं? भूक लागलीय.' ती साडी आम्ही घेतली. अजून नेसले नाही, कपाटात आहे.

आता तुम्ही म्हणाल, दुसरी कुणी मराठी बाई असेल. मीही तेच म्हणते! जोधपूरला महाराष्ट्रातल्या सहली येतातच. 'आती हूँ' कुणीही म्हणेल, नवऱ्याला 'हमारे ये' कुणीही म्हणेल, कानटोपीवाला नवराही असेल एखादीचा. पण दूध? परगावी, भर बाजारात, साड्यांच्या दुकानात दुधावरच्या झाकणाचं कोण सांगतं? माझ्याच नियमाने ही फाइल मी परत पाठवायला हवी. कुणाकडे पाठवू, तेवढं कळत नाही.

एवढंच सांगते. दिल्लीला परतलो, मी बॅगा आत घेतल्या आणि मागे कडी लावल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर बाबा दाराशी उभे, हात अजून कडीवर.

'कडी लावलीत, बाबा?'

'हो, मग?' ते म्हणाले. 'सांगून गेलीय ना ती आता.'