पडद्यावरचं बोंड

ही गोष्ट लिहायचं मी फार वर्षं टाळलं. बायको होती तोवर तिच्या कानावर जायला नको म्हणून, आणि ती गेल्यावर तिचा धाकटा भाऊ होता म्हणून. आता तोही नाही. पण नात्यात त्याचा विषय निघाला की अजून कुणीतरी हळूच म्हणतं, “तोच ना, सुरतेत मिलच्या डिझाइनी विकायचा?” तो विकत नव्हता. मला ते माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

नव्वदच्या दशकात मी सुरतेच्या उधना भागातल्या एका साडी छापणाऱ्या मिलमध्ये डिझाइन खात्याचा मास्तर होतो. साडी दुकानात पोचायच्या आधी तिच्या डिझाइनचा कागद बाहेर गेला, तर दुसराच कुणी तीच साडी हलक्या कापडावर छापून बाजारात उतरवायचा. म्हणून सुटताना गेटवर जेवणाचे डबेसुद्धा उघडून बघत. टाकाऊ ट्रेसिंग मी स्वतः फाडायचो. कोण कुणाबरोबर चहा पितो, यावरही माझी नजर असे.

मेहुण्याला मीच खान्देशातून आणून तिथं चिकटवलं. तो आमच्याच खोलीत राहायचा. मिलमध्ये सांगू ती डिझाइन काढायचा आणि घरी उंबऱ्याशी बसून मनाचं काढायचा. एकदा एका मोठ्या व्यापाऱ्याला आमचं काहीच पसंत पडेना. तेव्हा मी मेहुण्याच्या घरच्या कागदांतून एक कागद उचलला. उकललेलं कपाशीचं बोंड होतं. त्याला विचारलं नाही. माणूस पगारावर घेतला की त्याचा हात मिलचा, घरी काढलं तरी मिलचं, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. कागदावर खात्याचा नंबर पडला, तो माझ्या कपाटात गेला आणि व्यापाऱ्याला आवडला. खात्यात ट्रेसिंग चाललं होतं तेव्हा मेहुण्यानं ते पाहिलं असणारच. बोलला नाही.

त्याच्या कितीतरी आधीपासून तो रविवारचा सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात जायचा.

“कुठं रे?” मी एकदा विचारलं.

“जरा कॉम्प्युटरवर, दाजी.”

तिकडे तर सगळे कापडवाले. माझ्या मनात पाल चुकचुकली. एका रविवारी तो घरी येऊन झोपला आणि मी निघालो.

विचारत विचारत पोचलो. एका दुकानाच्या माळ्यावर प्लायवूडचे खण पाडून इंटरनेटचे कॉम्प्युटर मांडले होते. मालक गुजराती, तोंडात मावा. “आवो काका, शुं जोवुं छे?” काय बघायचंय ते न सांगता मी मेहुण्याबद्दल विचारलं, तर तो खुलला. “ए तो कलाकार छे!” म्हणत त्यानं मला बसवलं आणि मेहुणा काय काय बघतो ते दाखवू लागला. कुठल्याशा थंड देशातली एक बाई मातीचे पक्षी करायची, त्यांचे फोटो. एक माणूस फक्त आपल्या गल्लीतली दारं काढायचा. कुठंच किंमत नाही, दुकानाचा पत्ता नाही.

“हे विकतात कुठं?” मी विचारलं.

“विकत नाहीत, काका. फुकट जागा मिळते, तिथं आपापलं काम लावतात. दुसऱ्याचं आवडलं तर त्याच्या पानाचा रस्ता आपल्या पानावर देतात.”

“आणि कुणी उचललं तर?”

तो मावा सावरत हसला. “काका, तुम्ही पक्के सुरती झालात!”

मला हसू आलं नाही. फुकट दाखवतो त्याचा काही डाव असणारच, एवढंच मला कळत होतं. मग त्यानं मेहुण्याचं पान उघडलं. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यानं उतरत होतं. आधी कपाशीचं पान, मग देठ, मग ते बोंड. अजून एकही साडी छापून झाली नव्हती, आणि आमची डिझाइन सगळ्या जगासमोर होती. तो कागद कपाटात कुठून आला होता, हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. कपाटातला कागद मिलचा. तो बाहेर दिसला, म्हणजे चोरी.

दुसऱ्या दिवशी मी मिलच्या शेठना सांगितलं. त्यांनी मेहुण्याला बोलावलं. “ये फूल तूने बाहर रखा?”

“हां, शेठ.”

शेठ माझ्याकडे वळले. “मास्तर, ये डिझाइन आयी कहाँ से?”

तेव्हा आठवलं. मेहुण्याच्या घरच्या कागदांतून मी आणली म्हणालो असतो, तर न विचारता आणणारा मी ठरलो असतो. “खात्याची आहे, शेठ,” मी म्हणालो. मेहुणा माझ्याकडे बघत राहिला. मी पंख्याकडे बघत होतो. त्यानं एक शब्द काढला असता तरी नोकरी माझी गेली असती. तो नमस्कार करून बाहेर पडला. घरी बहिणीला म्हणाला, “ताई, गावाकडे काम निघालंय.” तिच्यापर्यंत खरी नाही, पण बाजारातली, त्यानं डिझाइन विकल्याची गोष्ट पोचलीच.

दिवाळीला मिलनं आम्हाला तीच साडी दिली. बायकोनं घडी उलगडली आणि पदरावर हात ठेवून थांबली. “हाई तं आमनी मायनं बोंड शे.” तिची आई गेरूनं भिंतीवर तसंच काढायची. “मिलमा कथाईन उनं?”

मिलमध्ये कुठून आलं, ते मी सांगितलं नाही. “बोंडं सगळी सारखीच दिसतात,” म्हणालो. तिनं साडी घडी करून ठेवली. ती कधी नेसली नाही.

मी पुन्हा पर्वत पाटियाला गेलो. मालक म्हणाला, ते बोंड तर त्यानं अगदी पहिल्या रविवारी लावलं होतं. म्हणजे माझ्या कपाटात यायच्या कितीतरी आधी. पानाच्या तळाशी बघणाऱ्यांनी लिहायला जागा होती. लांबलांबच्या माणसांनी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. “लखो ने काका, एने मळी जशे.” लिहिलं की त्याला मिळणार होतं. पण आणखी कोण कोण वाचेल? शेठ? बाजारातलं कुणी? मी उठलो. पुढे ती फुकटची जागाच बंद झाली आणि पान गेलं.

बायकोचं दहावं गावाकडे केलं, तिथं तो आला. केस पिकले होते. माझ्या पाया पडला. वाक्य मी प्रवासभर घोकलं होतं: ते बोंड तुझं होतं, शेठसमोर मी खोटं बोललो.

“चहा घेतलास का?” मी विचारलं.

“घेतला, दाजी,” तो म्हणाला.