सविस्तर वृत्त शेवटच्या खोलीत

माझी मुलगी आळशी आहे हे मी नातेवाइकांत कधी कबूल करत नाही. तिला अभ्यास असतो, तिचं डोकं दुखतं, कॉलेजचं काहीतरी बनवायचं असतं, असं काहीबाही सांगून वेळ मारून नेते. इथे खरं सांगायला हरकत नाही. ती आळशी आहे, आणि साधी आळशी असती तर मी तिला केव्हाच सरळ केली असती. तिचा आळस डोकेबाज आहे, आणि तिथे माझे हात टेकतात.

आमची परळच्या चाळीतली एक खोली. आत मोरी, वर पोटमाळा. पोटमाळा तिचा. झोपताना दिवा घालवायला खाली उतरावं लागू नये म्हणून तिने बटणाला सुतळी बांधून ती वर नेली आहे. कपडे ती हँगरलाच वाळत घालते आणि सुकले की हँगरसकट आत आणून अडकवते, त्यामुळे घडी घालणं हा प्रकारच तिने आयुष्यातून काढून टाकला. कोथिंबीर चिरायला सांगितली तर जुडी उलटी धरते आणि कात्रीने थेट आमटीत. दारात कोण आलंय ते खाटेवरून दिसावं म्हणून कुठल्याशा स्कूटरचा जुना आरसा तिने चौकटीला ठोकला. मी ओरडले, तर म्हणाली, "अगं, मी उठून यायचं आणि बाहेर कोणी क्रेडिट कार्डवाला असायचा. उगाच दोघांचा टाइम वेस्ट."

यावर आईने काय बोलावं? मला हसू येतं, हसू आलं की राग अर्धा होतो, आणि मग आपल्याला हसू आलंच कसं म्हणून पुन्हा चिडचिड होते. आमच्या घरात अंगचोर कोणी नव्हतं. माझे बाबा शिवडीला बंदरात टॅली क्लार्क होते, उन्हात उभं राहून गोण्यांचा हिशेब ठेवण्यात त्यांची हयात गेली. माझी आई अंगात ताप असला तरी बसून भांडी घासायची. मी सकाळी पाणी आल्यापासून जी उभी राहते ती ऑफिसच्या खुर्चीतच टेकते. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण मी शाळेत शिकले होते. ती माझ्याच घरात खाटेवर पाय भिंतीला लावून पडलेली बघेन असं वाटलं नव्हतं.

ही खोली मुळात बाबांची. आई गेल्यावर ते एकटे पडले, माझ्या नवऱ्याची बदली चिपळूणला, तेव्हा मुलीला घेऊन मीच त्यांच्याकडे राहायला आले. आणि गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. सौम्य आहे, असं हॉस्पिटलात म्हणाले. बोलणं लवकर सुधारलं, हातही ताळ्यावर आला, पण डावा पाय ओढल्यासारखा राहिला. दुसऱ्या एखाद्या घरात तेवढ्यावर भागलं असतं. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. आमची खोली या टोकाला, संडास त्या टोकाला, मधे सगळ्या मजल्याची दारं. चाळ पाडून नवी बिल्डिंग होणार, तिच्यात घराच्या आतच संडास मिळणार, हे मी कॉलेजात होते तेव्हापासून ऐकते आहे.

तोवर सोय म्हणून मी मोरीत भोक पाडलेली खुर्ची आणून ठेवली, खाली भांडं, पुढे पडदा. जन्मात कधी नुसत्या बनियनवर दारात न आलेला माणूस. पडद्याच्या या बाजूला मुलगी, नात. बाबांनी पाणी प्यायचंच सोडलं. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असायचा. जेवणही अर्ध्या भाकरीवर आलं. विचारलं की म्हणायचे, "माका तहान नाय." मला सगळं कळत होतं आणि काही करता येत नव्हतं. हॉस्पिटलात व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली होती, रोज चालवा, डाव्या बाजूने हात धरा, थोडं थोडं अंतर वाढवत न्या. आता पाय वळला तर वळला, पुढे तो असाच राहील.

मी दिवसभर ऑफिसात. मुलगी अकरावीला, कॉलेज सकाळचं, दुपारी घरी. तिला समोर बसवून सांगितलं की बाकीचं काही करू नकोस, भांडी राहू देत, पण आजोबांना हात धरून चालव. एरवी मी तिच्याशी चढ्या आवाजात बोलते. त्या दिवशी मी तिला विनवलं.

पहिले काही दिवस तिने केलं. संध्याकाळी मी आले की तोंड पाडून बसलेली असायची. "आजोबा सगळं वजन माझ्यावर टाकतात. माझा खांदा गेलाय. आणि तीन दारं झाली की बास म्हणतात." बाबाही म्हणायचे, बास, उद्या बघू. तो उद्या काही उजाडत नव्हता. तांब्या भरलेलाच राहत होता.

मग हळूहळू फरक दिसायला लागला. बाबा उठताना माझा हात मागेनासे झाले. दुपारी कुठवर गेलात विचारलं तर सहजपणे सांगायचे, जिन्यापर्यंत. मला मुलीचा इतका अभिमान वाटला! जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसातल्या बायकांना सांगितलं, वरून कशी का दिसेना, आजोबांचा हात धरून रोज चालवते हो पोर. घरातला पेपर रोज गायब असतो हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही, कारण मी पेपर वाचतच नाही.

एक दिवस ऑफिसची वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. जिना चढून वर आले तर गॅलरीच्या मधोमध बाबा, एकटे. एक हात कठड्यावर, दुसऱ्या काखेत पेपरचं पान, डावा पाय ओढत पुढे चाललेत. आसपास कोणी नाही. धावत जाऊन त्यांना धरलं, तशीच ओरडत खोलीशी आले. आमच्या कन्यारत्नाने खाटेवर पडून पाय भिंतीवर चढवलेले होते.

मी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. कामचुकार म्हटलं, दगड म्हटलं, आजोबा पडले असते तर काय तोंड दाखवलं असतंस म्हटलं. ती उठून बसली, घाबरली होती, पण मला राग कशाचा आलाय ते तिला खरंच समजत नव्हतं. "मी बघत होते ना," म्हणाली, आणि चौकटीकडे बोट केलं. आरसा वळवलेला होता. खाटेवरून त्यात पार शेवटच्या दारापर्यंतची गॅलरी दिसत होती.

"आरसा काय उचलणार होता का त्यांना?" मी ओरडले.

तोवर सगळी दारं उघडली होती. संडासाशेजारच्या, शेवटच्या खोलीतली काकी पदराला हात पुसत आली आणि हसत म्हणाली, "अगो, आठवडोभर असाच चलता." मग तिने आणि मुलीने मिळून जे सांगितलं ते असं. बाबा पेपर पहिल्या अक्षरापासून छपाईवाल्याच्या नावापर्यंत वाचतात. 'सविस्तर वृत्त पान पाचवर' असं लिहिलं असेल तर पान पाच हातात आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. हे माझ्या मुलीने खाटेवर पडल्या पडल्या बघितलं. तिने पेपर घडीवर कापून सगळी पानं सुटी केली. पहिलं पान आजोबांच्या हातात, पान पाच चौथ्या खोलीत, अग्रलेख जिन्याशेजारी, बाजारभाव त्याच्या पुढे. आणि निधनवार्ता शेवटच्या खोलीत, काकीकडे. बंदरातलं आपल्या वेळचं कोणी गेलं का, हे बाबा रोज बघतात, फोटोंवरून बोट फिरवत. हे मला, त्यांच्या मुलीला, ठाऊक नव्हतं.

काकीपर्यंत ते अजून पोचले नव्हते. तिथलं पान कोणीतरी पोर आणून द्यायचं.

मला वाटलं, आता बाबा तरी माझी बाजू घेतील. ते खाटेवर टेकले, धाप आवरली, आणि माझ्यावरच उखडले. "तिका कित्या बोलतंस? तिना हात धरलो की माजो सगळो भार तिच्यार जाता. पेपर असलो की पाय आपसूक चलतत. तू गप रव." झटक्यानंतर बाबा पहिल्यांदाच कोणावर तरी ओरडले होते.

संध्याकाळी राग उतरल्यावर मी मुलीला जवळ घेऊन विचारलं, "आजोबांनी स्वतःच्या पायांनी चालावं म्हणून तू हे केलंस ना गं?" मला हो हवं होतं. नुसतं हो म्हणाली असती तरी मी तिला दहा गुन्हे माफ केले असते.

"नाही," ती म्हणाली. "मला कंटाळा यायचा."

दुसऱ्या दिवसापासून मी पेपर कापायला बंदी घातली. हातच धरायचा, म्हणून दम दिला. पोरीने मुकाट्याने हात धरला. बाबा तीन दारं गेले आणि बास म्हणून परत आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिच्या कॉलेजला सुट्टी होती. सकाळी मी स्वतः कात्री घेऊन जमिनीवर बसले. कुठलं पान कुठे जातं ते मला कळेना, म्हणून पोटमाळ्याकडे तोंड करून हाक मारली. वरून अर्धवट झोपेत आवाज आला, "निधन शेवटी गं, आई... क्रिकेट घरीच ठेव, त्यासाठी ते नाही उठत..." त्यानंतर रोज ऑफिसला निघताना दारोदार पानं वाटायचं काम माझ्याकडे लागलं. म्हणजे हात धरायचं तिने टाळलं, आता कापायचं आणि वाटायचंही टळलं, आणि हे सगळं माझ्याकडून करवून घेताना तिने एकदाही मला विनंती केली नाही. मीच हौसेने केलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भल्याभल्यांना गप्प करणारी बाई मी. या पोरीपुढे माझं काही म्हणता काही चालत नाही.

एका रविवारी बाबा शेवटच्या खोलीपर्यंत गेले. मी जरा अंतर ठेवून मागे होते, हातात पाण्याची बादली. त्यांनी काकीच्या दारात उभं राहून निधनवार्ता वाचल्या, पान घडी करून खिशात घातलं, आणि परत वळायच्या ऐवजी माझ्या हातातली बादली घेतली. "मागसून येव नको," म्हणाले. बादली हिंदकळत होती, पाणी सांडत होतं. संडासात गेले, आणि मग आतून कडी लागल्याचा आवाज आला. काकीने माझा हात घट्ट धरला. मी तिथे गॅलरीत, सगळ्यांसमोर, तोंडाला पदर लावून रडले. एवढा आनंद मला मुलीच्या जन्मानंतर झाला नव्हता.

परत आल्यावर बाबांनी भरलेला तांब्या तोंडाला लावला आणि संपवला.

मी धावत पोटमाळ्याच्या शिडीवर चढले. "अगं, आजोबा एकटे जाऊन आले! कडी लावली त्यांनी!" तिने डोळे किलकिले केले, छान हसली, "भारी!" म्हणाली, आणि लगेच, "मग आता उद्यापासून पानं कापायची नाहीत ना?" जणू काही तीच कापत होती. मला तिला मिठी मारावी की एक थोबाडीत द्यावी ते ठरवता येईना. मी शिडीवर तशीच उभी राहिले.

मग, का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. "आणि उद्या मला असं झालं, तर काय करशील? माझा हात धरशील?"

मला वाटलं, टाळेल. पण तिने फोन बाजूला ठेवला, जे ती कोणासाठी करत नाही, आणि छताकडे बघत बराच वेळ विचार केला.

"तुझं कठीण आहे," ती म्हणाली. "तू पेपर वाचत नाहीस. सिरियल बघताना पण मधेच कणीक मळायला उठतेस. देवळात गेलीस तरी लगेच परत. तुला नक्की काय आवडतं गं, आई? म्हणजे, कशासाठी उठून चालशील तू?"

शिडीची कड धरून मी आठवत राहिले, आणि दर वेळी डोक्यात कुठलं तरी कामच येत होतं. आजोबा कशासाठी उठतील ते हिने आठवडाभरात लोळत लोळत हेरलं होतं. मला तर ती जन्मापासून बघते आहे, आणि तिला काही सापडलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, अगदी काळजीने, आणि त्या काळजीचंच मला फार वाईट वाटलं.

"तू असं कर," शेवटी मी म्हटलं. "तू शेवटच्या खोलीत जाऊन लोळत पड. तुला ओरडायला मी कशीही येईन."

तिने यावरही नीट विचार केला.

"हां, ते जमेल मला," ती म्हणाली, आणि कूस बदलून पुन्हा झोपली.