वासराच्या वाटणीचा सड

पणदऱ्याच्या शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या कौसल्याबाईंची एक रीत होती. गणिताचा नवा पाठ रचला की तो आधी घरी सासूबाईंना ऐकवायचा. गोजरबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण भाजी निवडता निवडता सुनेच्या गणितांची खोड काढायला त्यांना फार आवडे.

"ह्यो कोण गं चाळीस केळी घेऊन चाललाय? लगीन हाय व्हय त्याच्या घरी?"

मग ते गणित रद्द. गोष्ट पटली नाही तर मूल विचार करत नाही, नुसते आकडे बघून बेरीज ठोकून मोकळं होतं, असा कौसल्याबाईंचा अनुभव होता.

यंदा त्यांना छकुलीचा घोर लागला होता. एरवी चुरुचुरु बोलणारी ही पोर गणित निघालं की ओठ मिटून बसे. दुसरीतच धास्ती बसली तर ती जन्मभर निघायची नाही, असं बाईंना वाटे. म्हणून त्यांनी तिच्या ओळखीच्या गोठ्यातलंच गणित रचलं. नेमक्या तेव्हा गोजरबाई लेकीकडे अंथुर्ण्याला गेल्या होत्या, त्यामुळे ते न तपासताच वर्गात गेलं.

"तीन दुभत्या गाई. प्रत्येकीला चार सड. तर धार किती सडांची काढायची?"

"बारा!" वर्ग ओरडला.

"नऊ," छकुली पुटपुटली.

सगळी हसली. छकुलीची मान खाली गेली. बाईंच्या ओठांवर आलेलं 'चूक' त्यांनी तिथंच गिळलं.

"कसं गं, छकुले? फळ्यावर काढून दाखव बरं."

छकुलीनं तीन गाई काढल्या, प्रत्येकीखाली चार रेघा ओढल्या आणि दर गाईची एक रेघ बोटानं पुसली. "ह्यो वासराचा. आमची आजी त्याची धार न्हाय काढू देत."

"आमी वासराला बाटलीनं पाजतो," सार्थक उसळला. "मग बाराच की!"

"दोघांचंही बरोबर," बाई म्हणाल्या. "गोठा कुणाचा, ते सांगायला मीच विसरले."

मग वर्गात एकच गलका उठला. जो तो आपापला गोठा मांडू लागला. छकुली मात्र खडू घेऊन फळ्यापाशीच उभी.

"बाई, त्यातली एक गाय भाकड असली तर?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

छकुली वर्गाकडे वळली. "सांगा रं," ती मोठ्यांदा म्हणाली, "आन् हसायचं न्हाय."