कांदा निवडणारीचा माउथ ऑर्गन

शिरूरच्या मार्केट यार्डात रुपाली कांदा निवडते. गाळ्यात सारखी धूळ आणि पापुद्रे उडतात. तिथे तोंडाने श्वास घेतला की दिवसभर खोकला. म्हणून या बायका पदराने तोंड बांधतात आणि ओठ उघडले तर ते पापुद्रे फुंकण्यापुरतेच. गिटारसोबत माउथ ऑर्गन शिकताना हीच सवय रुपालीला नडली.

गिटार तिच्या नवऱ्याच्या भाच्याची, स्वराजची. त्याला कंटाळा आला आणि ती आमच्या शेजारी, रुपालीच्या घरी येऊन पडली. तारांनी नवशिक्यांची बोटं सोलवटतात. हिची गोण्या ओढून आधीच निबर झालेली. मोबाइलवर बघत ती शिकली. तिथेच तिला ब्लूज सापडलं. अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं ते संगीत. एकच माणूस गिटार छेडतो आणि गळ्यातल्या स्टँडवरचा माउथ ऑर्गनही वाजवतो. तिला तेच हवं होतं. तिने एक माउथ ऑर्गन विकत आणला.

गणपतीत स्वराज यवतहून आला. "मामी, गिटार द्या. मित्राला पायजे."

"ती आता माजी हाय. तिच्यासंगं त्वांडाचा बाजा बी शिकतीय."

"मंग नवरात्रात स्टेजवर दोन्ही एकदम वाजवून दावा. जमलं तर तुमची. न्हाईतर मी घिऊन जाणार."

"ठरलं."

सासू अनसाबाई म्हणाल्या, "आगं, आदी एक तरी धड वाजीव!"

मी कारखान्यात फिटर होतो. सळई वाकवून गळ्यातला स्टँड मी करून दिला. बाकी सगळी मेहनत तिची.

गिटार जी सुरात आणि ऑर्गन सी सुराचा, असं जोडलं की ब्लूजचे मुख्य सूर हवा आत ओढल्यावर येतात. हे तिला पाठ होतं. पण गिटारवर अंगठ्याचा ठेका सुरू झाला की ती फुंकायलाच लागायची. शाळेची कवायत चालल्यासारखं वाजायचं.

पहाटे ओट्यावर बसून ती नुसता अंगठा चालवायची. ठेका घसरला की पुन्हा पहिल्यापासून. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. तिचं केलं, कारण चुकलेली जागा टाळून ती एकदाही पुढे गेली नाही.

एका सकाळी त्यांच्या दारातलं कोकरू दावं सोडवून रस्त्याकडे पळालं. रुपालीच्या मांडीवर गिटार. अंगठा न थांबवता तिने ओठ आवळून हवा आत ओढत चुचकारलं, धनगराघरी कोकरांना बोलावतात तसं. कोकरू माघारी फिरलं.

अनसाबाई हसल्या. "वढायला येतंय की तुला! मंग त्या बाजालाच काय म्हून फुकतीस?"

 रुपालीने ऑर्गनला ओठ लावून तसाच बारीक श्वास ओढला. सूर खाली वाकला, आणि ठेका तुटला. पण कुठून ओढायचं ते कळलं. पुढचे सगळे दिवस तिने तेवढ्यावरच घातले. यार्डातून आली की आधी तोंड धुवायची, मग ठेक्यावर तोच एक सूर.

नवरात्रात गल्लीच्या स्टेजवर ती बसली. खालून कुणीतरी ओरडलं, "रुपे, गरबा वाजीव की!" तिने तिकडे बघितलंही नाही. ठेका सुरू झाला. ऑर्गनचा सूर लांब, जड, आत ओढलेला. 

मध्येच तिची छाती हवेने भरली. ओढून ओढून जागाच उरली नाही. तिने ऑर्गनवरून ओठ काढले. अंगठा चालूच. नाकाने सावकाश श्वास सोडत तिने एक आवर्तन नुसत्या गिटारवर काढलं. "आटपलं वाटतं," मागून आवाज आला. तेवढ्यात तिने पुन्हा सूर ओढला आणि शेवटपर्यंत नेला.

टाळ्या ओसरल्यावर स्वराज स्टेजपाशी गेला. "मामी, मधी थांबलात तुम्ही."

"तोंड थांबलं. ठेका थांबला व्हय?"

"न्हाई."

"मंग?"

स्वराज मान खाजवत हसला. "ठिवा. तुमचीच ती."

"ठिवणारच. आन् तुला शिकायचं आसंल तर रविवारी ये. पैला म्हैनाभर नुसता अंगठा चालवायचा. कंटाळा आला म्हनलास तर परत पाठवीन."

तो आला. अजून येतो.