शाळा सुटल्याची घंटा

शिपाईमामांनी एकतीस वर्षं शाळेची घंटा वाजवली होती. साथीनंतर शाळा अर्धीच उघडली. निम्मी मुलं बाकांवर आणि निम्मी घरून लॅपटॉपच्या पडद्यावर. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मामा, घंटा राहू द्या आता. घरच्या मुलांना ती कुठे ऐकू जाते? तुम्ही फाटकावर ताप मोजा."

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी त्यांचाच ताप मोजला असता, तर त्यांनाच घरी पाठवावं लागलं असतं.

आठवडाभरात व्हायचं तेच झालं. घंटेवाचून इतिहासाचे सर थांबेनात. एका लढाईत त्यांनी दोन तास आणि मधली सुट्टी गिळली. पोरं रडकुंडीला आली. शेवटी बाईच म्हणाल्या, "मामा, वाजवा एकदाची! घरच्यांनाही ऐकू जाऊ दे."

मामांनी पितळी घंटा आकड्यावरून काढली, सातवीच्या वर्गात नेली आणि लॅपटॉपच्या तोंडासमोर धरून शाळा सुटल्याची लांबलचक घंटा बडवली.

पडद्यावर एका मुलीच्या मागे तिचे वडील कोट-टाय चढवून आपल्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होते. घंटा कानावर पडताच ते वाक्य अर्धवट टाकून उठले, बॅग खांद्याला अडकवली आणि दाराकडे धूम ठोकली. कोटाखाली अर्धी चड्डी होती.

मामांनी चष्मा वर सरकवून नीट निरखलं.

"आपलाच विद्यार्थी," ते अभिमानाने म्हणाले. "गणवेशसुद्धा अजून तोच."