होकायंत्रामागचा कप्पा

माझ्या थोरल्या बहिणीला धक्क्यावर 'वाळूबाई' म्हणतात. अगदी तोंडावर म्हणत नाहीत, पण आवाज खाली आणून म्हणायची तसदीही कुणी घेत नाही. हे नाव तिला कसं पडलं ते सगळ्यांना माहीत आहे. कुणामुळे पडलं ते माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो मिठाची गुळणी धरून बसला होता. तो माणूस म्हणजे तिचा नवरा, माझे भावोजी. ही हकीकत मी शांतपणे सांगेन असं कुणी समजू नये.

ताई शिडं शिवते. धक्क्यामागच्या लांबलचक खोलीत जमिनीवर शीड पसरून, गुडघ्यांवर चामड्याच्या पट्ट्या बांधून ती दिवसभर रांगत असते. तिची बोटं सुयांनी इतकी टोचलेली आहेत की गरम भांडं तिला फडकं न घेता उचलता येतं. आमचे वडील लोकांना पलीकडच्या काठावर नेणारी होडी चालवायचे. ताई शाळेत जायच्या आधीपासून त्यांच्या मांडीवर बसून सुकाणू धरायची. मला होडीत पाय ठेवला की उलटी यायची, म्हणून मी जमिनीवरची नोकरी धरली. दातांच्या दवाखान्यात लोकांना आत सोडायचं काम करते. ताई मात्र एका हाताने पाव खात दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी होडी सरळ न्यायची. भावोजींना शीड म्हणजे काय, वारा कुठून येतो, हे तिनेच शिकवलं. लग्नाआधी ते छपाईची यंत्रं विकायचे आणि पहिल्याच फेरीत त्यांची टोपी पाण्यात गेली होती. हे ते कुणाला सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

लग्नानंतर काही वर्षांनी दोघांनी एक जुनी शिडाची बोट घेतली. निम्मं वर्ष ते तिच्यावरच राहतात. बोटीला एकही भिंत सरळ नसते. पलंगाखाली बघावं तर तळ वळत गेलेला, कपाट उघडावं तर मागे त्रिकोण, आणि जिन्याखाली मांजरही अंग चोरून बसेल एवढीच जागा. असल्या जागांमध्ये सामान बसवणं ही भावोजींची खरी हुशारी, आणि ती मी नाकारत नाही. टेबलाचा पाय त्यांनी पोकळ केला आणि त्यात मेणबत्त्या ठेवल्या. उशांच्या खोळींत लोकरीचे कपडे भरले. छताला जाळी टांगून तिच्यात कांदे झुलत ठेवले. तळाशी जे टिनचे डबे ठेवतात त्यांचे कागद सोलून वर रंगाने 'वाटाणे', 'टोमॅटो' असं लिहिलं, कारण कागद भिजून सुटला की पाणी उपसायचा पंप तुंबतो. रिकामी जागा दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. मी बोटीवर एका जागी जास्त वेळ बसले तर माझ्या मांडीखालीही काहीतरी सरकवतील, अशी मला धास्ती असते. पाहुणा आला की त्याला पाणी विचारायच्या आधी कप्पे दाखवतात. प्रत्येक कप्पा ताईने शिवलेल्या पिशव्यांनी, ताईने लावलेल्या बटणांनी बंद होतो. पण तो भाग दाखवण्यात येत नाही.

त्यातलाच एक कप्पा होकायंत्रामागचा. बोटीवर सुकाणू बाहेर असतं, उघड्यावर. सुकाणूच्या समोर बोटीवरच्या खोलीची बाहेरची भिंत, आणि त्या भिंतीत होकायंत्र बसवलेलं. काचेच्या वाटीत तेल, तेलात तरंगणारी आकड्यांची तबकडी, आणि काचेवर बोटीच्या नाकाची दिशा दाखवणारी एक रेषा. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला, जिन्याच्या कुशीत, एक तिरकी पोकळी होती. इतकी वर्षं ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. भावोजींच्या आली. त्यांनी फळी ठोकली, दार लावलं आणि आत टिनचे डबे रचले. त्या आठवड्यात त्यांनी धक्क्यावरच्या प्रत्येकाला बोलावून तो कप्पा दाखवला. नावाला टिनचे असले तरी डबे लोखंडी पत्र्याचे होते, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ताईच्याही नाही. जागा सापडल्याच्या आनंदात तीही होती.

त्यानंतर ताईचं सुकाणू बिघडलं.

म्हणजे भावोजी तसं म्हणायला लागले. त्यांची पद्धत अशी की ते आत जीपीएसच्या पडद्यासमोर बसायचे आणि दिशेचा आकडा सांगायचे. बाहेर ताई तबकडीवरचा तो आकडा रेषेवर धरून ठेवायची. थोड्या वेळाने आतून आवाज यायचा की तू भरकटलीस. ताई म्हणायची, आकडा रेषेवरच आहे. ते म्हणायचे, मग जीपीएस खोटं बोलतंय का? स्वतः सुकाणूवर बसले की ते तो पडदा बाहेर आणून समोर ठेवायचे, त्यामुळे त्यांची बोट कधी भरकटली नाही. आधी हे चेष्टेत चाललं. मग पाहुण्यांसमोर. मग ताईच मला फोनवर म्हणायला लागली, वय झालं गं माझं, डोळे दगा देतात वाटतं. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळे उत्तम होते. त्यावर भावोजी म्हणाले, मग लक्ष नसेल.

आणि एका सकाळी धुकं होतं. ताई सुकाणूवर, भावोजी आत. त्यांनी आकडा सांगितला, तिने तो धरला, आणि ते चहा करायला उठले. चहा होईपर्यंत बोट वाळूच्या पट्ट्यावर चढली होती. धुकं उठलं तेव्हा सगळ्या धक्क्याला ती दिसली, कलंडलेली. ओढून काढायला दुसऱ्या बोटी बोलवाव्या लागल्या. भावोजींनी मदतीला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, मी दोन मिनिटं आत गेलो होतो हो, फक्त दोन मिनिटं. ताई गुडघाभर पाण्यात उभी राहून दोर धरत होती आणि तिने ते ऐकलं.

त्या दिवसापासून तिने सुकाणूला हात लावला नाही. वडिलांच्या मांडीवर बसून जे शिकली ते तिने सोडून दिलं. तिचा उजवा हात म्हणजेच ते होतं. बोटीवर ती स्वयंपाक करायची, पिशव्या शिवायची, कप्पे लावायची. आणि गेल्या हिवाळ्यात मला म्हणाली, यंदाची सफर झाली की मी काही बोटीवर येणार नाही, त्याला एकट्याला जाऊ दे. माझा जीव तुटला. भावोजींना मी विचारलं तेव्हा त्यांनी खांदे उडवले. तिची मर्जी, म्हणाले.

सफरीच्या आदल्या आठवड्यात मी सामान लावायला गेले होते. बोट धक्क्याला चारी बाजूंनी बांधलेली होती, त्यामुळे माझ्या पोटातलं पोटात राहिलं. भावोजी गॅसचं सिलिंडर बदलून आणायला गेले होते. जाताना मला बजावून गेले, त्या जिन्याजवळच्या कप्प्यात फक्त कापड ठेवायचं, डबे नाहीत. का, विचारलं तर म्हणाले, ओल येते. मला ते पटलं नाही. ओल येते तिथे कापड ठेवायचं आणि डबे नाही? शिवाय माझ्या पायाशी डब्यांचा ढीग पडला होता आणि सगळे कप्पे भरले होते. मी कापडाच्या पिशव्या बाहेर फेकल्या आणि डबे आत रचायला घेतले. ताई बाहेर होकायंत्राशेजारी दोराचं टोक गुंफत बसली होती.

"तू आत काय करतेस?" तिने विचारलं.

मी म्हणाले, डबे ठेवते.

"थांब. आता ठेवलास तो काढ."

मी काढला. मग ती म्हणाली, ठेव. मी ठेवला. आणखी दोन ठेव, म्हणाली. तिचा आवाज मला वेगळा लागला म्हणून मी डोकं बाहेर काढलं. ती तबकडीकडे बघत होती. बोट जागची इंचभर हलत नव्हती आणि तबकडी मात्र फिरली होती. मी आत जाऊन सगळे डबे काढले, बाहेर आले, तर तबकडी परत होती तिथे येऊन थांबली होती. आम्ही हे किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. शेवटी ताईच म्हणाली, पुरे. दोर तिच्या मांडीवर तसाच पडला होता.

ती म्हणाली, अगं, म्हणजे आकडा रेषेवरच होता. मी म्हणाले, होताच. ती पुन्हा तेच म्हणाली. मग ती रडेल असं मला वाटलं, पण ती हसली, आणि ते हसणं मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मला वाटलं भावोजींनाही आता कळेल, बिचाऱ्यांना धक्का बसेल. बिचारे! ते सिलिंडर खांद्यावर घेऊन आले, बाहेर पडलेले डबे पाहिले, कप्प्याचं उघडं दार पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना धक्का बसलाच नव्हता. ते पकडले गेले होते.

"तुला माहीत होतं," ताई म्हणाली.

भावोजींनी सिलिंडर खाली ठेवलं. वाळूचा प्रकार झाल्यानंतर महिन्याभराने कप्प्याला रंग देताना डबे बाहेर काढले होते, तेव्हा होकायंत्र वेगळंच दाखवायला लागलं, असं त्यांनी सांगितलं. मग लगेच काढून टाकले की मी, म्हणाले. जणू उपकारच केले. कापड ठेवायला लागलो, म्हणाले, त्यानंतर काही अडचण आली का, नाही ना?

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तोवर तू सुकाणू सोडलंच होतंस."

मी माझ्या बहिणीसारखी नाही. मला तोंड आहे आणि मी ते वापरलं. दोन वर्षं तिला आंधळी ठरवलीत, मी म्हणाले, धक्क्यावरच्या प्रत्येकाला तिच्यावर हसू दिलंत, कशासाठी, तर तुमच्या फळीला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून. फळीची एवढी काळजी! भावोजी मला म्हणाले की हे आमच्या दोघांतलं आहे, मेहुणीबाई, तुम्ही मध्ये पडू नका. मी म्हणाले, मी पडणार. शेजारच्या बोटीवरच्या माणसाने कपडे वाळत घालायचे थांबवून ऐकायला सुरुवात केली, तेव्हा मी आणखी मोठ्याने बोलले.

ताईने मांडीवरचा दोर बाजूला ठेवला, उठली आणि बांधलेले दोर सोडायला लागली. आत्ता? भावोजींनी विचारलं. ती म्हणाली, हो, आत्ता. मी धक्क्यावर उतरायला हवं होतं, पण उतरले नाही. तोंड घट्ट मिटून होकायंत्राच्या समोर बसले.

ती सुकाणूवर बसली. बोट धक्क्यापासून सुटली, शीड भरलं. सुकाणूचा दांडा तिने दोन्ही हातांनी धरला होता, पण बोट सरळ चालली होती. ताईने स्वतःच आकडा ठरवला, मोठ्याने सांगितला आणि तो रेषेवर आणून ठेवला. माझ्या नाकासमोर होता तो. केसभरही इकडे तिकडे नव्हता. भावोजी तिच्या समोरच्या बाकावर बसले होते. त्यांच्या हातात जीपीएसचा पडदा नव्हता, होकायंत्राकडे त्यांची पाठ होती. तरी ते म्हणाले, जरा डावीकडे घे.

आणि बोटीचं नाक डावीकडे वळलं.

"ताई, आकडा बघ," मी म्हणाले.

"दिसतोय गं मला," ती म्हणाली. "हात त्याचंच ऐकतोय."

मग तिने दांडा परत आणला. आकडा रेषेवर यायला बराच वेळ लागला. तो आल्यावर ती भावोजींकडे न बघता म्हणाली, "तू खाली जा. मला हे परत शिकायचंय, आणि तू समोर असलास की मला येत नाही."