जातीच्या रकान्यातला माळी

अकोल्याच्या जुन्या शहरातून वर्षाली खोटरे रोज सकाळी सव्वाआठची एसटी पकडते आणि तासाभरानं एका नगरपालिकेच्या गावी उतरते. गावाचं नाव इथं नको. तिथली माणसं सरळ आहेत, पण नाव छापून आलं की वाकड्यात शिरायला त्यांना वेळ लागत नाही. पालिकेच्या उद्यान विभागाची आस्थापना वर्षालीकडे आहे. म्हणजे चार बगीचे, एक पोहण्याचा तलाव आणि एक व्यायामशाळा सांभाळणाऱ्या त्रेचाळीस माणसांच्या नेमणुका, रजा, बढत्या, भांडणं आणि शेवटी निवृत्ती. तिची पुण्यातली भाची प्रणाली हेच काम काचेच्या केबिनमध्ये बसून करते आणि त्याला एचआर म्हणते. वर्षालीच्या खोलीला काच नाही, जाळी आहे. नाहीतर माकडं आत येऊन हजेरीपट नेतात.

कामात बाई कडक. रजेच्या अर्जात नुसतं 'घरी काम आहे' लिहिलेलं तिला खपत नाही, काय काम ते लिहा म्हणते. मग 'म्हैस व्याली', 'साडू रुसला' असे अर्ज येतात आणि ती ते मुकाट्यानं पुढे पाठवते. एकोणीस वर्षांत आपल्या टेबलावरून गेलेला एकही कागद चुकीसाठी परत आला नाही, असं ती चारचौघांत सांगायची, आणि खरं बोलायचं तर जरा जास्तच सांगायची. यंदा ती कार्यालय अधीक्षक होणार होती. यादीत पहिलं नाव तिचं होतं.

गर्वाचं घर खाली म्हणतात, ते असं. मोठ्या बगीच्यातले माळी गयासुद्दीन दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. त्यांचे पेन्शनचे कागद अमरावतीच्या विभागीय कार्यालयातून परत आले. शेरा असा, की कर्मचाऱ्याची जात 'माळी' अशी नोंदलेली आहे, पण जात वैधता प्रमाणपत्र जोडलेलं नाही; ते सादर करावं, नाहीतर नेमणूकच तपासावी लागेल. साध्या मराठीत, प्रमाणपत्र नसेल तर पेन्शन अडली. नसलेल्या जातीचं प्रमाणपत्र गयासुद्दीन आणणार कुठून?

वर्षालीनं त्यांचं सेवापुस्तक काढलं. पहिल्या पानावर, 'जात' या शब्दापुढे, निळ्या शाईत 'माळी'. अक्षर तिचंच होतं.

मग तिला सगळं आठवलं. तिचे वडील याच कार्यालयात कारकून होते. ते गेल्यावर अनुकंपेवर तिला घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात रोजंदारीवरचे अकरा जण कायम झाले. त्यांची सेवापुस्तकं भरायचं काम तिच्यावर आलं. नाव, जन्मतारीख, ओळखीची खूण, सगळं विचारून झालं की जात विचारायची. आता वऱ्हाडात जात काही कुणी तोंडावर विचारत नाही. "तुमी कोण?" असं हळूच विचारतात आणि समोरचा समजून घेतो. तेवीस वर्षांच्या वर्षालीनंही तसंच विचारलं. पण टेबलाच्या पलीकडे जो उभा होता तो नुकताच कायम झालेला माणूस होता. त्याला त्या दिवशी एकच गोष्ट सांगायची होती. गयासुद्दीन छाती काढून म्हणाले, "मी माळी." तिनं लिहून टाकलं. मुसलमानांतही माळी असतात हे ती ऐकून होती.

तिनं बाकीची दहा पुस्तकं काढली. एकाची जात 'चौकीदार'. तलावाचा पंप चालवणाऱ्या गोपालची 'पंपवाला'. आणि झाडलोट करणाऱ्या गोदाबाईंच्या पानावर, जात या रकान्यात, सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'गोदाबाई'. इतकी वर्षं ते कुणाच्या नजरेत आलं नव्हतं, कारण त्या अकरा जणांत निवृत्त होणारे गयासुद्दीन पहिलेच.

खरी जात दाखवू शकणारी नेमणुकीची मूळ फाईल वाळवीनं केव्हाच पचवली होती. शेजारच्या टेबलावरच्या किशोरनं तिला वाट सांगितली, आणि सांगताना आवाज खाली घेतला. "एकाचंच पान पुढं करा ताई. बाकीचे दहा झाकून ठेवा. त्यायची पाळी येईन तवा तुमी अधीक्षक असान, मंग कोण इचारते?"

वाट सोपी होती, आणि वर्षालीला तिचा मोह झाला हे लपवण्यात अर्थ नाही. परतीच्या बसमध्ये ती तासभर तोच विचार करत बसली. पण एकट्या 'माळी' या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? तो शब्द जातही आहे आणि कामही. चूक कुठं झाली हे कळायचं तर त्याच्या शेजारी 'चौकीदार' लागतो, 'पंपवाला' लागतो. एक चूक दाखवली तर वर्षाली वाचणार आणि गयासुद्दीन बुडणार. अकरा दाखवल्या तर ते वाचणार, तिचं मात्र देव जाणे.

दुसऱ्या दिवशी अकरा पुस्तकं छातीशी धरून ती मुख्याधिकाऱ्यांसमोर उभी राहिली. साहेब पुण्याकडचे, नवीन आणि अबोल. तिनं सांगितलं की चूक माझी आहे आणि ती एक नाही. त्यांनी एकेक पान उलटलं. "पण तुम्ही कोण असं विचारलं, तर माणूस काम किंवा नावच सांगणार ना?" त्यांना खरंच कळेना. तेव्हा वर्षालीनं त्यांना तो प्रश्न वऱ्हाडात कशासाठी विचारतात ते समजावून सांगितलं. सांगताना तिचे कान तापले.

साहेब गोदाबाईंच्या पानाशी आले आणि थांबले. मग त्यांनी चष्मा काढला, तोंडावर रुमाल धरला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. वर्षालीला आधी वाटलं, संतापले. ते हसत होते. "गोदाबाई नावाची जात शासनाच्या कुठल्याच यादीत नाही, मॅडम," ते म्हणाले. "एवढं एक पान पुरेसं आहे."

अकरा पानांच्या नकला जोडून खुलासा अमरावतीला गेला. वर्षालीला 'यापुढे दक्षता घ्यावी' अशी लेखी समज मिळाली आणि यादीत ती पहिल्यावरून तिसऱ्या नंबरवर गेली. तीन आठवड्यांनी पेन्शनची मंजुरी आली. तो कागद हातात आला तेव्हा तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तिसरा तर तिसरा नंबर, ती म्हणाली, आणि किशोरला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

गयासुद्दीन सहीला आले. दुरुस्तीची लाल नोंद त्यांनी बोट फिरवत सावकाश वाचली. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेला माणूस. वर्षालीनं हात जोडले, म्हणाली, "चाचा, माझ्या चुकीपायी तुम्हाला केवढा घोर लागला. माफ करा."

"मले तवाच दिसलं होतं," ते म्हणाले. "सही करतानी वाचलं होतं म्यां."

"मग काहून नाही सांगितलं?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन तिच्याकडे सरकवला.

"तवा तुमच्यापुढं हजेरीचं रजिस्टर उघडं होतं, त्याच्या मांगच्या पानावर तुमच्या बाबाचं अक्षर होतं. ते पाहून तुमी रडून राहिल्या होत्या. म्यां म्हटलं, पोरीचा नोकरीतला पयलाच हप्ता हाये, जाऊ दे. माळी तं माळी."